कार्नेशन : नाव परदेशी, मागणी लग्नाची, स्पर्धा प्लास्टिकशी

प्लास्टिक फुलांवरील बंदीची घोषणा, तोंडावर आलेला सिंहस्थ कुंभमेळा आणि जुन्या पॉलिहाउसमध्ये पुढचे पीक कोणते घ्यायचे हा प्रश्न, या तीन गोष्टी नाशिकच्या फूल उत्पादकांपुढे एकाच वेळी आल्या आहेत. दिंडोरी तालुक्यात जानोरी, मोहाडी परिसरात गुलाबाची पॉलिहाउस अनेक वर्षांपासून आहेत. गुलाबाची झाडे जुनी झाली किंवा जरबेऱ्याचे दर खाली आले, की "यंदा कार्नेशन लावू का?" अशी विचारणा हमखास होते. प्लास्टिक बंदीच्या बातम्यांमुळे ही विचारणा वाढली आहे.

या प्रश्नाचे उत्तर केवळ लागवडीच्या माहितीपत्रकात मिळत नाही. फुलाचा बाजार धान्यासारखा चालत नाही. गहू पोट भरण्यासाठी विकला जातो, तर फूल त्याला लोकांनी दिलेल्या अर्थावर विकले जाते. दसऱ्याला झेंडूला मागणी येते, कारण त्या दिवशी दाराला तोरण लागतेच. कार्नेशनला आपल्याकडे असा एकही दिवस नाही. म्हणून या फुलाचे नाव कुठून आले, जगात त्याला कोणते अर्थ मिळाले आणि आपल्या बाजारात त्याची नेमकी जागा कोणती, हे आधी समजून घेतले पाहिजे.

नावात लवंग आणि मुकुट

कार्नेशनचे शास्त्रीय नाव डायॅन्थस कॅरिओफायलस. १७५३ मध्ये स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनिअस यांनी ते दिले. 'डायॅन्थस' हा शब्द ग्रीक आहे. 'डिओस' म्हणजे झ्यूस देवाचे आणि 'अँथॉस' म्हणजे फूल, म्हणजे देवाचे फूल. 'कॅरिओफायलस' या दुसऱ्या भागाचे नाते आपल्या मसाल्याच्या डब्याशी आहे. ग्रीकमध्ये 'कॅरिओफायलॉन' म्हणजे लवंग. जुन्या कार्नेशनला लवंगेसारखा वास होता, म्हणून हे नाव पडले. लिनिअसने लवंगेच्या झाडालाही कॅरिओफायलस असेच नाव दिले होते. तुर्की भाषेत आजही 'करनफिल' हा एकच शब्द लवंग आणि कार्नेशन या दोन्हींसाठी वापरतात. लवंगेचा आकार छोट्या खिळ्यासारखा असतो. म्हणून जर्मनमध्ये 'नेल्के', म्हणजे लहान खिळा, हे नाव दोघांनाही मिळाले.

'कार्नेशन' या इंग्रजी नावाबद्दल दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार ते लॅटिनमधील 'मांस' या अर्थाच्या शब्दावरून आले, कारण जुन्या फुलांचा रंग गोऱ्या त्वचेसारखा फिकट गुलाबी होता. दुसऱ्या मतानुसार ते 'कोरोनेशन', म्हणजे मुकुट चढवणे, या शब्दावरून आले. त्याचे कारण म्हणजे फुलांचे मुकुट गुंफण्याची प्रथा किंवा पाकळ्यांची मुकुटासारखी दातेरी कड. सोळाव्या शतकातल्या इंग्रजी लिखाणात या फुलाचे नाव 'कोरोनेशन' असेही आढळते. दोन्ही मते अजून टिकून आहेत.

नाशिककरांना अशा दुहेरी कथांचे नवल वाटायला नको. आपल्या गावाचे नाव शूर्पणखेच्या नाकावरून पडले असे काही जण सांगतात, तर नऊ टेकड्यांवर वसले म्हणून नाशिक असे काही जण. मोगल काळात याच गावाचे नाव गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचे शहर, असे होते.

या नावांतून उत्पादकाने घ्यायचा मुद्दा वेगळा आहे. ज्या वासामुळे या फुलाला नाव मिळाले, तो वास आजच्या बहुतेक व्यापारी जातींत राहिलेला नाही. लांब ताठ दांडी, मोठे फूल, निरनिराळे रंग आणि जास्त दिवस टिकण्याची क्षमता या गुणांसाठी निवड होत गेली आणि सुगंध मागे पडला. बिनवासाच्या फुलाची नक्कल प्लास्टिकमध्ये करणे सोपे असते. मोगऱ्याचा गजरा प्लास्टिकचा कोणी घालत नाही. कार्नेशनच्या बाबतीत मात्र दहा फुटांवरून खरे-खोटे ओळखता येत नाही. आजच्या अडचणीचे एक मूळ इथे आहे.

जगाने दिलेले अर्थ

कार्नेशनला सर्वांत मोठी बाजारपेठ मिळवून दिली ती एका मुलीने आईच्या आठवणीसाठी केलेल्या कृतीने. अमेरिकेतील ॲना जार्विस यांनी १० मे १९०८ रोजी ग्राफ्टन गावातील चर्चमध्ये आईच्या स्मरणार्थ ५०० पांढरी कार्नेशन पाठवली. ते त्यांच्या आईचे आवडते फूल होते. १९१४ मध्ये अमेरिकेत मे महिन्याचा दुसरा रविवार अधिकृत मातृदिन ठरला. पुढे आई हयात असेल तर लाल किंवा गुलाबी आणि नसेल तर पांढरे कार्नेशन लावण्याची पद्धत रूढ झाली.

त्यानंतरचा भाग व्यापारासाठी बोधप्रद आहे. मातृदिन जवळ आला की फूल विक्रेते भाव चढवू लागले. त्याचा जार्विस यांना इतका राग आला, की त्यांनी फुले विकत घेऊ नका असे सांगायला सुरुवात केली आणि फुलाऐवजी कार्नेशनचे चित्र असलेले बिल्ले पुढे केले. ज्या बाईंनी फुलाला अर्थ दिला, त्याच फुलाच्या बाजाराविरुद्ध उभ्या राहिल्या. सणाला भाव वाढतो हे खरे, पण तो ग्राहकाला लुटल्यासारखा वाटला की ग्राहक पर्याय शोधतो.

दक्षिण कोरियात ८ मे हा पालक दिन आणि १५ मे हा शिक्षक दिन. दोन्ही दिवशी कार्नेशन देण्याची प्रथा आहे. पोर्तुगालमध्ये २५ एप्रिल १९७४ रोजी हुकूमशाही संपली, त्या क्रांतीचे नावच कार्नेशन क्रांती आहे. सेलेस्ते काएरो या उपाहारगृहात काम करणाऱ्या महिलेने सैनिकांना कार्नेशन दिली. सैनिकांनी ती बंदुकीच्या नळीत खोवली. युरोपातील कामगार चळवळीत १ मे रोजी लाल कार्नेशन लावतात. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाचे विद्यार्थी पहिल्या पेपरला पांढरे, मधल्या पेपरांना गुलाबी आणि शेवटच्या पेपरला लाल कार्नेशन कोटाला लावतात.

हे सगळे दिवस एकत्र मांडून पाहावेत. २५ एप्रिल, १ मे, ८ मे, मेचा दुसरा रविवार, १५ मे. जगात कार्नेशनला अर्थ असलेले बरेचसे दिवस एप्रिल-मे महिन्यांत येतात. नाशिकमध्ये हाच काळ सर्वांत उष्ण असतो आणि आपले कार्नेशन याच काळात सर्वांत हलक्या प्रतीचे निघते. आपले उत्तम फूल निघते डिसेंबर ते फेब्रुवारीत. म्हणजे परदेशी मातृदिनाच्या निर्यातीचे गणित आपल्या हवामानाशी जुळत नाही. शिवाय त्या बाजारात कोलंबियासारखा देश उभा आहे. विषुववृत्ताजवळच्या उंच पठारावर वर्षभर थंड, एकसारखे हवामान असल्यामुळे तो कार्नेशनचा जगातील आघाडीचा निर्यातदार झाला आहे. कोरियात फुलाचा अर्थ कायम आहे, तरी तिथल्या उत्पादकांना आयात फुलांशी झुंजावे लागते. अर्थ मागणी निर्माण करतो, पण ती मागणी कोण पुरवणार हे हवामान आणि खर्च ठरवतात.

आपल्याकडे अर्थ कोणता?

आपल्या पूजेत कार्नेशनला स्थान नाही. गणपतीला जास्वंद, शंकराला बेल आणि धोत्रा, विठ्ठलाला तुळस, दसऱ्याला झेंडू अशी यादी घरातल्या लहान मुलालाही पाठ असते. त्यात कार्नेशन नाही. हाराला ते महाग पडते आणि सुट्ट्या फुलांच्या बाजारात त्याला वजनावर कोणी घेत नाही.

त्याची जागा लग्नाचा मंडप, स्वागत समारंभ, हॉटेल आणि पुष्पगुच्छ इथे आहे. तिथे ग्राहक फूल निवडत नाही, सजावटकार निवडतो. नवरीच्या वडिलांना 'पांढरा-गुलाबी मंडप' हवा असतो. तो कार्नेशनने भरला, जरबेऱ्याने भरला की कापडाच्या फुलांनी भरला, याची ते फार चौकशी करत नाहीत. म्हणून सजावटकाराला ज्यात चार पैसे जास्त सुटतात, ते फूल मंडपात जाते.

हीच कार्नेशनची कमकुवत बाजू आहे. प्लास्टिकचे झेंडूचे तोरण लोक वर्षभर दाराला ठेवतात, तरी दसऱ्याला खरा झेंडू घेतातच. कार्नेशनला असे संरक्षण नाही. २०२० च्या टाळेबंदीत हे उघड दिसले. मार्चअखेर लग्ने थांबली आणि राज्यातील पॉलिहाउसमधील तोडलेली फुले फेकून द्यावी लागली. कर्जाचे हप्ते मात्र थांबून कायमचे मिटले नाहीत. एकाच प्रकारच्या ग्राहकावर अवलंबून असलेले पीक किती जोखमीचे असते, हा धडा त्यातून घ्यायचा आहे.

प्लास्टिक फुले : घोषणा आणि अंमलबजावणी

देशात १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या ठराविक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. त्या यादीत प्लास्टिकच्या काड्या, झेंडे, कप, ताटल्या, चमचे, सजावटीचे थर्माकोल अशा वस्तू आहेत. प्लास्टिक फुले त्या यादीत नाहीत. हाच मुद्दा घेऊन फूल उत्पादकांच्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. या फुलांचे प्लास्टिक १०० मायक्रॉनपेक्षा पातळ असते, ते गोळा करून पुन्हा वापरात आणता येत नाही, मग ते बंदीबाहेर का, असा याचिकेचा रोख होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयानेही केंद्राला याबाबत प्रश्न विचारले.

जुलै २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात आमदार महेश शिंदे यांनी हा विषय विधानसभेत मांडला. शंभराहून अधिक आमदारांनी त्याला पाठिंबा दिला. फलोत्पादन मंत्री भरत गोगावले यांनी राज्यात प्लास्टिक फुलांवर बंदी आणण्याची घोषणा केली. फूल उत्पादकांनी तिचे स्वागत केले, आणि ते योग्यच होते.

मात्र लागवडीचा निर्णय घेताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात.

१. सभागृहातील घोषणा, राजपत्रातील अधिसूचना आणि बाजारातील अंमलबजावणी या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. भाव बदलतो तो तिसऱ्या पायरीवर. राज्याने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक व थर्माकोल बंदीची अधिसूचना काढली होती. त्यानंतरही भाजीबाजारात पातळ पिशवी दिसते, हे आपण रोज पाहतो.

२. बंदी आली तरी ती 'प्लास्टिक'वर असेल. कापड, कागद, फोम यांची कृत्रिम फुले वेगळ्या वर्गात मोडू शकतात. अधिसूचनेतील व्याख्या काय आहे, हे शेतकरी गटांनी वाचले पाहिजे.

३. सजावटकार कृत्रिम फूल घेतो त्याला केवळ स्वस्तपणा हे कारण नाही. एकदा घेतलेले फूल तो अनेक लग्नांत वापरतो, त्याला पाणी लागत नाही, ते उन्हात कोमेजत नाही आणि दाट तिथीला भाव वाढण्याची भीती नसते. यातल्या शेवटच्या कारणावर उत्पादक काम करू शकतो. हंगामाआधी ठरलेल्या दराने, ठरलेल्या रंगांचा माल देण्याचा करार केला, तर सजावटकाराची धास्ती कमी होते आणि आपल्यालाही दाट तिथी नसलेल्या दिवसांचा आधार मिळतो.

थोडक्यात, बंदी झाली तर तो लाभ समजावा. पण बंदी गृहीत धरून कर्ज काढू नये.

सिंहस्थ : गर्दी मोठी, मागणी कोणती?

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी. लाखो भाविक येणार, मग फुले खपणारच, असा सरळ हिशेब अनेक जण करतात. झेंडू, शेवंती, सुटा गुलाब, बिजली यांच्या बाबतीत तो बराच खरा ठरू शकतो. गोदावरीत सोडायची फुले, आखाड्यांतील पूजा आणि हार यासाठी हीच फुले लागतात. कार्नेशनला व्यासपीठे, स्वागतकक्ष आणि हॉटेल एवढीच जागा आहे.

आणखी एक बाजू आहे, जी या चर्चेत सहसा येत नाही. गुरू सिंह राशीत असताना लग्नकार्य टाळावे, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. आज बरीच घरे ती पूर्वीइतकी काटेकोरपणे पाळत नाहीत आणि पंचांगकर्तेही पर्यायी मुहूर्त देतात. पण काही घरे अजूनही पाळतात, विशेषतः गोदाकाठी. कार्नेशनचा मुख्य ग्राहक लग्नाचा मंडप आहे. म्हणजे ज्या सिंहस्थामुळे झेंडूची मागणी वाढेल, त्याच सिंहस्थामुळे काही महिन्यांत कार्नेशनची स्थानिक मागणी घटूही शकते. शिवाय २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे. त्या काळातही मुहूर्त नसतात.

कार्नेशनचे पहिले फूल लागवडीनंतर साधारण ४ ते ५ महिन्यांनी येते आणि पीक सुमारे २ वर्षे राहते. म्हणून लागवडीआधी पुढच्या दोन वर्षांच्या मुहूर्तांचा अंदाज घ्यावा. फूल शेतीत पंचांग हे देवघरात ठेवायचे तसे हिशेबाच्या वहीशेजारीही ठेवायचे पुस्तक आहे.

नाशिकच्या हवेत कार्नेशन

कार्नेशनला दिवसा १८ ते २४ अंश आणि रात्री १० ते १५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. नाशिकचा हिवाळा त्याला जवळचा आहे. निलगिरी किंवा हिमाचलमधील सोलन परिसरात ही हवा अधिक काळ मिळते. आपल्याकडे दोन टोके सांभाळावी लागतात.

उन्हाळ्याचे टोक : एप्रिल-मेमध्ये बाहेरचे तापमान ३८ ते ४० अंशांपर्यंत जाते. दांडी बारीक होते, फूल लहान राहते, पाकळ्या कमी भरतात. शेडनेट, फॉगर आणि हवा खेळती ठेवणाऱ्या खिडक्या यांचा खर्च गृहीत धरावा. पॉलिहाउसची उंची कमी असेल तर या पिकाचा आग्रह धरू नये.

हिवाळ्याचे टोक : निफाड-दिंडोरी पट्ट्यात रात्री पारा एकदम खाली येतो आणि दुपारी ऊन तापते. या फरकाने कळीचा हिरवा पेला, म्हणजे कॅलिक्स, एका बाजूने फाटतो आणि पाकळ्या बाहेर लोंबतात. द्राक्ष बागायतदारांना मण्यांचे तडे माहीत आहेत. हा तसाच प्रकार समजावा. बोरॉनची कमतरता आणि अन्नद्रव्यांचा असमतोल यानेही तो वाढतो. थंडीत संध्याकाळी पडदे वेळेवर बंद करावेत आणि बोरॉन माती व पान परीक्षणानुसारच द्यावे. फाटलेल्या कळीचे फूल दुसऱ्या प्रतीत जाते.

जमिनीबाबतही तडजोड करू नये. नाशिकची भारी काळी जमीन या पिकाला थेट चालत नाही. निचऱ्याची, साधारण ५.५ ते ६.५ सामू असलेली लाल माती व चांगले कुजलेले शेणखत यांचे उंच गादीवाफे करावेत. लागवड खोल करू नये. रोपाचा गड्डा मातीच्या पृष्ठभागाशी राहिला पाहिजे, नाहीतर बुंधा कुजतो. पुढचे मुद्दे लक्षात ठेवावेत.

- मर : फ्युजॅरिअम बुरशीमुळे होणारी मर हा कार्नेशनचा सर्वांत मोठा शत्रू आहे. एकदा वाफ्यात शिरली की औषधाने पूर्ण जात नाही. लागवडीपूर्वी मातीचे निर्जंतुकीकरण करावे, खात्रीची रोगमुक्त रोपे घ्यावीत आणि मर आलेल्या वाफ्यात लगेच पुन्हा कार्नेशन लावू नये.
- शेंडा खुडणे : रोपाला ५ ते ६ पानांच्या जोड्या आल्यावर शेंडा खुडावा. खुडण्याच्या वेळेवर पहिला बहर कधी येणार हे ठरते. म्हणून लग्नाच्या तिथी पाहून मागे मोजत जावे.
- आधार : दांडी सरळ राहण्यासाठी जाळीचे तीन-चार थर लावावेत. वाकडी दांडी म्हणजे कमी प्रत.
- कीड : लाल कोळी, फुलकिडे आणि कळी पोखरणारी अळी यांवर लक्ष ठेवावे. टोमॅटो व हरभऱ्यावर येणारी घाटेअळीच कळीत शिरते. शेजारी टोमॅटो असेल तर किडरोधक जाळी आणि कामगंध सापळे आवश्यक आहेत.

टोमॅटोच्या गाडीत कार्नेशन नको

नाशिकसाठी हा मुद्दा स्वतंत्रपणे सांगणे गरजेचे आहे. कार्नेशन इथिलीन वायूला अतिशय संवेदनशील आहे. पिकणारी फळे हा वायू सोडतात. टोमॅटो, केळी, आंबा, पेरू, चिकू यांच्या सोबत कार्नेशन एका गाडीत किंवा शीतगृहात ठेवले, तर पाकळ्या आत वळतात आणि फूल झोपल्यासारखे मिटते. असे फूल पुन्हा उमलत नाही. वाहनाच्या धुरातही इथिलीन असतो. बाजारात पोचल्यावर फूल 'झोपले' म्हणून व्यापारी दर पाडतो आणि शेतकरी जातीला दोष देतो. खरे कारण अनेकदा गाडीतल्या क्रेटमध्ये असते.

एका दांडीला एक फूल असलेल्या जातींची तोडणी पाकळ्या रंगाच्या ब्रशसारख्या वर आल्यावर सकाळी लवकर करावी. दांड्या लगेच स्वच्छ पाण्यात ठेवाव्यात, प्रतवारी करून २० फुलांची गड्डी बांधावी आणि माल थंड करूनच पाठवावा. इथिलीनला रोखणाऱ्या काढणीपश्चात प्रक्रिया उपलब्ध आहेत. त्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने वापराव्यात. नीट हाताळलेले कार्नेशन घरातल्या फुलदाणीत आठवडाभराहून अधिक टिकते. प्लास्टिकशी लढताना टिकाऊपणा हेच या फुलाचे बळ आहे. ते गाडीतच गमावले तर उरते काय?

हिशेब कसा मांडावा

समजा, १,००० चौरस मीटर पॉलिहाउसमध्ये २०,००० रोपे आहेत आणि एका रोपापासून वर्षाला ८ विक्रीयोग्य फुले मिळतात. एकूण फुले १,६०,००० आणि २० च्या गड्ड्या ८,०००. गड्डीमागे दर केवळ १० रुपयांनी कमी मिळाला, तरी वर्षाला ८०,००० रुपयांचा फरक पडतो. आता याच फुलांपैकी चौथा भाग कॅलिक्स फाटून किंवा बारीक दांडीमुळे दुसऱ्या प्रतीत गेला असे धरून पुन्हा मांडणी करावी. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या भागातील मागच्या दोन हंगामांचे प्रत्यक्ष विक्रीबिल घेऊन ते बदलावेत.

एक साधी कसोटी ठेवावी. दाट तिथीचा चढा भाव न धरता, लग्ने नसलेल्या महिन्यांच्या दरात मजुरी, खते-औषधे, वीज, वाहतूक आणि कर्जाचा हप्ता निघतो का? निघत असेल तर पुढे जावे. फक्त चढ्या भावातच हिशेब जुळत असेल, तर ती शेती राहत नाही, तो जुगार होतो. पॉलिहाउससाठी फलोत्पादन अभियानातून मंजूर खर्च मर्यादेच्या ५० टक्के अनुदान मिळते. महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्याशिवाय बांधकाम सुरू करू नये. रोपे आणि लागवड साहित्याचा खर्च दर दोन वर्षांनी पुन्हा येतो, हेही त्यात धरावे.

आपला अर्थ आपणच द्यावा

झेंडूला दसरा कोणी जाहिरातीतून मिळवून दिला नाही, तो परंपरेने आला. पण कार्नेशनचा मातृदिन एका व्यक्तीच्या कृतीतून सुरू झाला, हेही तितकेच खरे आहे. आपल्याकडे ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती आणि १२ जानेवारीला राजमाता जिजाऊ जयंती असते. पहिला दिवस शिक्षिकेचा, दुसरा आईचा. कार्नेशनचे जगभरचे दोन मोठे अर्थही हेच आहेत, शिक्षक आणि आई. आणि दोन्ही दिवस नाशिकच्या उत्तम फुलाच्या हंगामात येतात.

शाळा, महाविद्यालये, बचत गट या दिवशी सत्कार करतातच. तिथे महागड्या प्लास्टिक वेष्टनातल्या गुच्छाऐवजी एका फुलाची दांडी, कागदात गुंडाळून आणि पाण्यात कशी ठेवावी याची चिठ्ठी जोडून, शेतकरी गटाने थेट दिली तर? १० शाळांपासून सुरुवात करता येईल. यातून मंडपाएवढी मागणी येणार नाही. पण सजावटकाराव्यतिरिक्त दुसरा ग्राहक तयार होईल आणि तो फुलाला नावाने ओळखेल. जार्विस बाईंचा राग लक्षात ठेवून त्या दिवशी भाव मात्र वाजवी ठेवावा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

कार्नेशनबाबत सल्ला देताना पुढील चार प्रश्न आधी विचारावेत.

१. पॉलिहाउसची उंची, वायुवीजन आणि उन्हाळ्यातील पाणी पुरेसे आहे का?
२. माती बदलण्याची आणि निर्जंतुकीकरणाची तयारी आहे का? आधी त्या वाफ्यात मर होती का?
३. किमान दोन सजावटकार किंवा व्यापारी ठरलेल्या दराने माल घेण्यास तयार आहेत का?
४. माल थंड ठेवण्याची व फळांपासून वेगळी वाहतूक करण्याची सोय आहे का?

चारपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर पूर्ण क्षेत्रावर लागवडीचा सल्ला देऊ नये. काही वाफ्यांवर एक हंगाम घेऊन पाहावा. अधिक माहितीसाठी पुण्यातील पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय, राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे नाशिक येथील कृषी विज्ञान केंद्र यांच्याशी संपर्क साधावा.

प्लास्टिक बंदीसाठी आवाज उठवणे गरजेचे आहे आणि तो संघटितपणे उठलाच पाहिजे. पण बंदी झाली तरी मंडपातली रिकामी जागा आपोआप कार्नेशनला मिळणार नाही. ती जरबेरा, गुलाब, शेवंती किंवा कापडी फूलही घेईल. ताठ दांडी, न फाटलेली कळी, ठरलेला दर आणि वेळेवर पोचलेली गाडी ज्याच्याकडे असेल, त्यालाच ती मिळेल.